दर्शनी भाग तेवढा राखा

जुन्या इमारतीचा फक्त दर्शनी भाग राखायचा आणि आत हवे ते बदल करू द्यायचे, हे मला अनेक वर्षं पटत नव्हतं. चौक, ओसरी, माजघर गेलं की वाड्यात उरलं काय, असं मी तावातावानं विचारत असे. आता विचारत नाही.

माझं मत पालटलं ते पुण्याच्या विश्रामबागवाड्यामुळे. दुसऱ्या बाजीरावानं तो राहण्यासाठी बांधला. पेशवाई बुडाली आणि १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. १८७९ च्या आगीत वाड्याचं मोठं नुकसान झालं. पुढे नगरपालिकेचा कारभार तिथून चालला, टपाल कचेरी आली. आतला वापर बदलत गेला, म्हणूनच वाडा ओस पडला नाही. आणि रस्त्यावरून मान वर केली की सुरूच्या झाडासारखे निमुळते होत गेलेले लाकडी खांब आणि कोरीव सज्जा अजून दिसतो. पुणेकर वाडा ओळखतो तो यांवरूनच.

मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीत हाच विचार आहे. पहिल्या श्रेणीच्या वास्तूला आतबाहेर हात लावणं जवळपास अशक्य. दुसऱ्या श्रेणीत मात्र आतले बदल, नवा वापर चालतो, बाहेरच्या बदलांची कसून छाननी होते. पूर्वी मला ही पळवाट वाटायची. पण घरात राहणाऱ्याला संडास, वीज, म्हाताऱ्यांसाठी लिफ्ट हवीच. सगळंच जसंच्या तसं ठेवा म्हटलं, की तो एक दिवस सगळंच पाडायला देतो. असे वाडे आपण डोळ्यांदेखत गमावले आहेत.

मालकावर एकट्यावर हा भार टाकणं मात्र अन्यायाचं आहे. रस्त्याची शोभा सगळ्यांची, तर कोरीव लाकडाच्या दुरुस्तीचा खर्चही पालिकेनं वाटून घ्यायला हवा.

तुमचं घर जुनं असेल, तर एवढी विनंती. आत सोयीचे बदल खुशाल करा. पण चुन्यात बांधलेल्या बाहेरच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नका. त्यानं ओल आत कोंडते आणि विटा भुसभुशीत होतात. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधा, आणि सज्ज्याचं लाकूड भंगारात देण्याआधी एकदा जाणत्या सुताराला दाखवा.