थंडीतले रविवार

बुधवार, 21 ऑगस्ट 2024
पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि आम्ही हिवाळ्यातल्या आमच्या सायकल शर्यतींच्या तारखा काढायला बसलो. कॅलेंडरवर आधी काट मारायची ती दुसऱ्यांच्या रविवारांवर. डिसेंबरचा पहिला पुण्याच्या मॅरेथॉनचा, जानेवारीचा तिसरा मुंबईच्या. नोव्हेंबरात डेक्कन क्लिफहँगर. पुण्याहून गोव्याला सायकलने जाणारे त्याआधी महिनाभर आमच्याकडे फिरकत नाहीत आणि नंतर कितीतरी दिवस सायकलकडे बघत नाहीत. शिवाय बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या. नोव्हेंबरात त्यांचं नवं वर्ष सुरू होतं आणि 200, 300, 400, 600 किलोमीटर ही चारही अंतरं एका मोसमात पुरी केली की माणूस सुपर रँदोनर. त्यात पहिला-दुसरा कुणी नसतो. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत झाले की झालं. पण पाय तेच आणि रविवारही तेच.

लांब पल्ल्याचं हे वेड आपल्याकडे उगाच आलेलं नाही. 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी जोडीने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केली, 2017 मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी एकट्याने. तेव्हापासून हौशी सायकलवाल्याला वीस किलोमीटर जीव तोडून मारण्यापेक्षा रात्रभर चालवत राहण्यात जास्त मान वाटतो. मला तसं वाटत नाही, पण माझं ऐकतो कोण.

मंगळवार, 15 ऑक्टोबर
विधानसभा जाहीर झाली. 20 नोव्हेंबरला मतदान, 23 ला मोजणी. पोलीस बंदोबस्तात अडकणार, म्हणजे आमची 10 नोव्हेंबरची शर्यत गेली. डिसेंबरात ढकलू म्हणावं तर तिथे आधीच दोन आहेत. खजिनदारांचं म्हणणं, एका महिन्यात तीन लावल्या तर तिसरीला तीच ती चार डोकी येतील. खरं आहे. आणि चारच डोकी आली म्हणून रुग्णवाहिकेचं भाडं कमी होत नाही. टायमिंगवाला, वळणावळणावर उभी राहणारी पोरं, त्यांचे पोहे-चहा, सगळं आधीच ठरलेलं. मोसमात शर्यती किती, याचं उत्तर शेवटी ‘एका शर्यतीचा खर्च कितीजणांत वाटला जातो’ इथे येऊन थांबतं. एक शर्यत रद्द.

गुरुवार, 5 डिसेंबर
रविवारी शर्यत आणि यादी अजून अर्धीमुर्धी. आपल्याकडे लोक नाव शेवटच्या दोन रात्रींत देतात. थंडी किती, ऑफिसचं काय, मित्र येतोय का, हे बघून. आम्हाला मात्र आजच ठरवायचंय, सगळ्यांना एकदम सोडायचं की एकेकट्याला.

एकदम सोडायचं तर घोळका हवा. घोळका नसेल तर दोघं पुढे निघून जातात आणि बाकीचे वाऱ्यात एकटे कुथत बसतात. ती शर्यत नव्हे, सहल. एकेकट्याची टाइम ट्रायल पाच जणांतही नीट होते. इंग्लंडात 1895 मध्ये बिडलेक नावाच्या गृहस्थाने ठरावीक अंतराने एकेक स्वार सोडण्याची पद्धत सुरू केली, ती घोळक्याने पोलिसांच्या डोळ्यांवर यायला नको म्हणून. आम्ही त्याच पद्धतीच्या आसऱ्याला आलो ते घोळकाच जमत नाही म्हणून!

मग गटांचा वाद. रोड बाइक, हायब्रिड, एमटीबी, बिनगिअर, चाळिशीपुढचे, महिला. गट वाढवले की बक्षिसं वाढतात, माणसं नाही. हायब्रिड आणि एमटीबी एकत्र करायला माझी हरकत नाही. महिलांचा गट मात्र दोघीच असल्या तरी ठेवायचा, यावर मी अडून बसलो. यंदा गट मोडला तर पुढच्या वर्षी त्या दोघीही येणार नाहीत, आणि मग ‘बायका येतच नाहीत’ असं म्हणायला आपण मोकळे.

रविवार, 8 डिसेंबर
सासवडच्या पुढे. शेवटच्या रात्री नावांचा पूर आला आणि उलटीच पंचाईत झाली. एकेक मिनिटाने सोडायचं तर साठ जणांना तास लागतो, एकशेवीस असतील तर दोन. या दिवसांत उजाडतं सातच्या सुमारास. आठला रस्त्यावर ऊस, दूध, एसटी, पुण्याहून निघालेल्या गाड्या. म्हणजे ज्या महिन्यात सगळ्यांना यावंसं वाटतं, त्याच महिन्यात रस्ता सगळ्यात कमी वेळ आपला असतो. शेवटी तीस-तीस सेकंदांनी सोडले. पुढच्याच्या चाकामागे कुणी चिकटतंय का, हे बघताना पंचांची दमछाक.

बिनगिअरच्या गटात जवळच्या वाडीतला एक मुलगा होता. घरच्या काळ्या सायकलचे मडगार्ड काढून आलेला. गट जिंकला, आणि हायब्रिडवाल्या निम्म्यांपेक्षा कमी वेळ लावला. जानेवारीत येशील का, विचारलं. म्हणाला, ‘‘बघू सर. आमचं खरं चैत्रात असतंय. जत्रंला.’’

रविवार, 16 फेब्रुवारी 2025
चढाची शर्यत. बारावी 11 तारखेला सुरू झाली, दहावी 21 ला. कुमार गट रिकामा. एकजण आला, एकट्याने पदक घेणं त्याच्याच जिवावर आलं. नोकरीवाले लग्नांत. थंडी सरली की शहरातला मोसमही सरतो, असं आम्ही धरून चाललोय.

सोमवार, 17 मार्च
बैठक. ‘‘मोसम संपला, हिशेब मांडा,’’ खजिनदार म्हणाले. मी चैत्राचा विषय काढला. काही गावांच्या यात्रांत कुस्त्यांच्या बरोबरीने सायकलींच्या शर्यती लागतात, त्यातली पोरं उन्हाला भीत नाहीत. एप्रिलात सव्वासहाला उजाडतं, म्हणजे आठच्या आत रस्ता डिसेंबरपेक्षा पाऊण तास जास्त मिळतो. आमच्या कॅलेंडरात हे महिने कोरे आहेत, कारण आमच्या यादीतले लोक या महिन्यांत येत नाहीत. यादीबाहेरच्यांना आम्ही विचारलेलंच नाही.

‘‘पण ते नाव ऑनलाइन देणार का?’’ एका काकांनी विचारलं. नाही देणार. सकाळी जागेवरच लिहून घ्यावं लागेल, हेल्मेट पाच-दहा आपल्याकडची ठेवावी लागतील, फी नावापुरती.

13 एप्रिल सुचवली होती. पण 14 ला आंबेडकर जयंती, आदल्या दिवसापासून बंदोबस्त. 20 धरली. गट दोनच, गिअर आणि बिनगिअर. रुग्णवाहिकेच्या पैशांचं अजून ठरायचंय.