कानाचं हाड

मणका सापडला तर बरं वाटतं. कानाचं हाड सापडलं तर संध्याकाळचा चहा माझ्याकडून. देवमाशाच्या मधल्या कानाचं वाटीसारखं हाड आतल्या कडेला विलक्षण जाड आणि घट्ट असतं. कवटीचा पार चुरा झाला तरी ते बहुधा शाबूत राहतं. कच्छात हरुदीच्या आसपास, चार कोटींहून अधिक वर्षं जुन्या थरांवरून खाली मान घालून फिरताना माझी नजर त्याच्याच शोधात असते.

हे हाड प्राण्याचं देवमाशांशी नातं तेवढं सांगतं. तो प्राणी पोहायचा कसा, हे त्याला विचारू नये.

पाकिसेटस या आद्य देवमाशाचंच घ्या. पाकिस्तानात मिळालेल्या कवटीच्या मागच्या भागावरून १९८१ साली त्याचं बारसं झालं. धड हाती नव्हतं, तरी चित्रांत तो सूर मारून मासे पकडू लागला. पायांची हाडं २००१ साली प्रसिद्ध झाली, तर ती निघाली सडपातळ, चालणाऱ्या प्राण्याची. विषय मिटला म्हणावं, तर पुढे त्याच हाडांचे आडवे छेद पाहिले गेले: भिंती जाड, पोकळी अरुंद. असं जड हाड उथळ पाण्यात तळाला पाय टेकून वावरणाऱ्याच्या कामाचं. म्हणजे पाण्यापुरता चित्रकार अगदीच चुकला नव्हता. त्याच्याकडे पुरावा मात्र नव्हता, आणि माझ्या लेखी ती चूकच.

जम्मूतल्या कालाकोटचा इंडोह्यूस याच्या उलट. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केलेले दगड त्यांच्या पश्चात जीवाश्मांचे अभ्यासक हान्स थेविसन यांच्याकडे गेले. तिथे साफ करताना एक कवटी मोडली आणि आत तीच जाड कड दिसली. मांजराएवढा, लहानशा हरणासारखा प्राणी, आणि कान देवमाशाच्या घराण्याचा! २००७ साली हे जाहीर झालं. हाडं साफ करत बसणाऱ्या आम्हा मंडळींत हा किस्सा फार लाडका आहे. का, ते सांगायला नको.

आमच्या कच्छातल्या कच्छिसेटसचं वर्णन सुनील बाजपेयी आणि थेविसन यांनी २००० साली केलं. आद्य देवमाशांत हा अगदी लहानखुरा. त्याचं चित्र काढायला आलेल्या मुलीला मी शेपटीचे लांब, दणकट मणके दाखवले. शेपूट भक्कम काढ, पाय आखूड काढ, म्हटलं. तिनं विचारलं, “काका, अंगावर केस किती?” म्हटलं, ते तुझं तू ठरव, आणि चित्राखाली तसं लिही.