जागा परत करणारी माणसं

मार्च 1948 मध्ये नाशिकला भरलेल्या अधिवेशनात समाजवाद्यांनी काँग्रेसमधून बाहेर पडायचं ठरवलं. गांधीजींच्या हत्येला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. 1934 पासून हा गट काँग्रेसच्या आत राहून काम करत आला होता. यातल्या बहुतेकांनी तुरुंगात घालवलेली वर्षं काँग्रेसच्याच झेंड्याखाली घालवली होती. आता काँग्रेस सत्तेवर होती, आणि पक्षाच्या आत दुसरा संघटित पक्ष चालणार नाही असं तिने स्पष्ट केलं होतं. ज्यांना आपला विचार सोडायचा नव्हता त्यांनी घर सोडलं.

पण मला त्या अधिवेशनापेक्षा त्यानंतरचे दहा-बारा दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात. संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या विधानसभेत आचार्य नरेंद्र देव आणि त्यांचे सुमारे डझनभर सहकारी काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेले होते. महिना संपता संपता त्यांनी आमदारकीचे राजीनामे दिले. तसं करायला त्यांना कुठलाही कायदा भाग पाडत नव्हता. पक्षांतरबंदी यायला अजून 37 वर्षं होती. सरकारी बाकांवरून उठून समोरच्या बाकांवर जाऊन बसले असते तरी कुणी हरकत घेतली नसती. अनेक देशांत तशी रीतच आहे, आणि हे आचार्यांना ठाऊक होतं. सभागृहात निरोप घेताना त्यांनी ते बोलूनही दाखवलं. तरी त्यांचं म्हणणं असं की लोकांनी आपल्याला काँग्रेसचे म्हणून निवडलं होतं. काँग्रेस सोडल्यावर ती जागा आपल्याकडे ठेवणं योग्य नाही.

मग पोटनिवडणुका लागल्या. आचार्य फैजाबादमधून उभे राहिले. हे त्यांचं गाव, लहानाचे मोठे ते तिथेच झाले होते. काँग्रेसने त्यांच्यासमोर बाबा राघवदासांना उभं केलं. मराठी वाचकाला इथे थबकायला होतं, कारण राघवदास मूळचे पुण्याचे. प्लेगने घर उद्ध्वस्त झालेला हा मराठी मुलगा अध्यात्माच्या ओढीने उत्तरेत गेला, पूर्व उत्तर प्रदेशात रमला, गांधींच्या चळवळीत उतरला. कुष्ठरोग्यांसाठी त्याने केलेलं काम आजही गोरखपूरकडचे लोक सांगतात. म्हणजे समोरचा माणूस लबाड किंवा पैशाने उभा केलेला नव्हता. त्याच्याही नावामागे सेवेची पुण्याई होती.

प्रचार मात्र वेगळ्या वळणावर गेला. नरेंद्र देव देव मानत नाहीत, रामाच्या नगरीने अशा माणसाला मत कसं द्यायचं, असा सवाल या मतदारसंघातल्या अयोध्येत घरोघर पोहोचवला गेला. प्रांताचे मुख्यमंत्री गोविंद वल्लभ पंत स्वतः प्रचाराला आले आणि त्यांच्याही बोलण्यात हाच रोख होता. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर अहमदनगरचा किल्ला उभा राहतो. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या ज्या नेत्यांना त्या किल्ल्यात डांबलं, त्यांत पंत होते आणि नरेंद्र देवही होते. नेहरूंनी तिथे लिहिलेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ज्या सोबत्यांचे आभार मानले आहेत, त्यांत ही दोन्ही नावं आहेत. आचार्यांना दम्याचा जुना विकार होता, आणि बौद्ध दर्शनाचा त्यांचा अभ्यास त्या कोंदट भिंतींतही चालू होता. पंतांनी तो रोज पाहिला असणार. बुद्धाचा अभ्यास करणाऱ्या या माणसाची नीतिमत्ता त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तरीही निवडणूक आली तेव्हा पक्ष जिंकला पाहिजे ही गरज त्या सहवासापेक्षा मोठी ठरली.

नरेंद्र देव सुमारे 1300 मतांनी हरले. तेव्हा प्रौढ मताधिकार आलेला नव्हता, मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटींमुळे मतदार थोडे होते. त्या हिशेबाने हा फरक लहान नाही. त्यांच्याबरोबर राजीनामा दिलेल्यांपैकीही जवळजवळ सगळे पडले. पुढच्या वर्षी, 22 डिसेंबर 1949 च्या रात्री, त्याच अयोध्येत मशिदीत मूर्ती ठेवल्या गेल्या. एका पोटनिवडणुकीतून पुढचं सगळं घडलं असं मी म्हणणार नाही, इतिहास इतका सरळ चालत नाही. पण स्वतःला धर्मनिरपेक्ष म्हणवणाऱ्या पक्षाने केवळ एका माणसाला पाडण्यासाठी तिथे जी भाषा वापरली, ती निकालानंतर परत मागे घेता आली नाही, एवढं मला स्पष्ट दिसतं.

माझ्या मनातली तत्त्वनिष्ठ राजकारण्याची कसोटी या प्रकरणातून तयार झाली. पक्ष सोडणारा प्रत्येक जण तत्त्वाचं नाव घेतो. आजवर कुणीही पत्रकार परिषदेत स्वार्थासाठी पक्ष सोडल्याचं सांगितलेलं नाही. म्हणून मी त्याचं बोलणं बाजूला ठेवते आणि पाहते की जाताना त्याने काय परत केलं. जागा त्याला पक्षाच्या नावावर मिळाली होती, मतदाराने त्या नावावर शिक्का मारला होता. ते नाव टाकून दिल्यावर जागा मतदाराकडे परत गेली पाहिजे.

मधु लिमये यांनी हेच वेगळ्या प्रसंगात केलं. पुण्यात जन्मलेला हा माणूस बिहारमधून लोकसभेवर जात असे. 1973 च्या पोटनिवडणुकीत ते बांका इथून निवडून आले होते. आणीबाणीत ते मध्य प्रदेशातल्या तुरुंगात होते. मार्च 1976 मध्ये लोकसभेची पाच वर्षं पुरी होत होती, आणि सरकारने कायदा करून तिची मुदत एका वर्षाने वाढवून घेतली. विरोधी खासदारांनाही त्यामुळे आयतं एक वर्ष मिळत होतं. तुरुंगातल्या माणसाला खासदारकीचा थोडाफार आधारही असतो. लिमये यांनी राजीनामा पाठवला. जबलपूरहून निवडून आलेले तरुण शरद यादव यांनीही तुरुंगातूनच राजीनामा दिला. लोकांनी पाच वर्षांसाठी पाठवलं होतं, सहावं वर्ष लोकांनी दिलेलं नाही, एवढाच त्यामागचा हिशेब. दिल्लीतलं खासदाराचं घरही लगेच सोडलं पाहिजे असा लिमये यांचा आग्रह होता, आणि त्यांच्या पत्नी चंपाताईंनी ते रिकामं केलं. पुढे त्यांनी खासदारकीचं निवृत्तिवेतनही घेतलं नाही, स्वातंत्र्यसैनिकाचंही नाही. लिमये यांच्या सगळ्याच राजकीय निर्णयांशी मी सहमत नाही. जनता पक्षाच्या फुटीतल्या त्यांच्या भूमिकेवर आजही लोक तावातावाने भांडतात. पण त्या राजीनाम्याबद्दल मला कधीच शंका वाटली नाही.

एवढं लिहिल्यावर पक्षनिष्ठेच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण ती नेहमी भेकडपणातूनच येते असं नाही. आमच्या घरात हा वाद माझ्या लहानपणी रंगायचा, आणि त्याचा विषय ठरलेला असे: चिंतामणराव देशमुख की यशवंतराव? महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव कुलाब्यातून काँग्रेसचे खासदार होते, देशाचे अर्थमंत्री होते. 1956 च्या जानेवारीत मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, रस्त्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. मुंबईबाबतचा निर्णय ज्या पद्धतीने घेतला गेला ती चिंतामणरावांना मान्य नव्हती, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली याचीही त्यांना चीड होती. त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं आणि लोकसभेत उभं राहून त्याची कारणं सांगितली. महाराष्ट्राच्या मनात त्या राजीनाम्याला जे स्थान मिळालं ते फार थोड्या राजीनाम्यांना मिळालं असेल.

यशवंतराव चव्हाण मात्र नेहरूंबरोबर राहिले, आणि महाराष्ट्रापेक्षा नेहरू मोठे ही भूमिका त्यांनी उघडपणे घेतली. त्यासाठी त्यांनी शिव्याशाप खाल्ले. 1957 मध्ये पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण झाली तेव्हा ते स्वतः कऱ्हाडमधून जेमतेम निवडून आले. माझे वडील चिंतामणरावांच्या बाजूचे. काका म्हणायचे की 1960 चा मंगलकलश शेवटी आत राहिलेल्या माणसानेच आणला ना! मला आज वाटतं, काकांचा मुद्दा खोडून काढता येत नाही. यशवंतरावांची निष्ठा लोकांच्या संतापासमोर उभी राहिली, तिची किंमत त्यांनी मतांत मोजली आणि तशी त्यांची तयारीही होती. आत राहून वरिष्ठांचं मन वळवणं हे कामही कुणीतरी करावं लागतं. पण ते करायला आत राहून बोलता आलं पाहिजे. चिंतामणरावांची तक्रार नेमकी हीच होती की बोलायची जागा असताना तिथे विषय नीट आलाच नाही.

आज ती जागा कायद्यानेच आक्रसली आहे. 1985 ची 52वी घटनादुरुस्ती पक्षांतर थांबवण्यासाठी आली. तिने एकट्यादुकट्या आमदाराला बांधलं, पण एक तृतीयांश लोक घेऊन फुटणाऱ्याला मोकळीक दिली. किरकोळीला बंदी आणि घाऊकला परवानगी, अशी टीका तेव्हापासून होत आली. 2003 च्या 91व्या दुरुस्तीने फुटीची ती सवलत काढली, विलीनीकरणासाठी दोन तृतीयांशांची अट राहिली. दरम्यान व्हिप मात्र सगळ्यावर चालू लागला. एखाद्या साध्या विधेयकावर आमदाराला मतदारसंघातल्या लोकांचं ऐकून पक्षाविरुद्ध मत द्यायचं असेल, तर त्याची आमदारकी धोक्यात येते. 1990 मध्ये दिनेश गोस्वामी समितीने सुचवलं होतं की व्हिप मोडल्याबद्दलची अपात्रता विश्वास किंवा अविश्वास ठरावापुरतीच असावी. ती सूचना तशीच राहिली. म्हणजे चाळीस जण मिळून रातोरात निघाले तर वर्षानुवर्षं सुनावण्या चालतात, आणि एकट्याने सद्सद्विवेकाने मत दिलं तर जागा जाते. महाराष्ट्राने 2022 आणि 2023 मध्ये दोन पक्ष फुटताना पाहिले. नाव कुणाचं, चिन्ह कुणाचं, व्हिप कुणाचा यावर विधानसभा अध्यक्षांपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत खल झाला. आपण दिलेलं मत आता कुठे आहे, हे विचारायला मतदार यातल्या कुठल्याच दालनात नव्हता.

मग राजीनामा देऊन पुन्हा लोकांकडे जाणं ही कसोटी पुरेशी आहे का? 2019 पर्यंत मी हो म्हटलं असतं. त्या वर्षी कर्नाटकात आमदारांनी राजीनामे दिले, त्यातून सरकार पडलं, अध्यक्षांनी त्यांना अपात्र ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक लढवायला परवानगी दिली आणि 5 डिसेंबरच्या 15 पोटनिवडणुकांत त्यांतले बहुतेक नव्या पक्षाच्या तिकिटावर उभे राहिले. त्या पक्षाने 12 जागा जिंकल्या. बाहेरून पाहिलं तर हेही नरेंद्र देवांसारखंच: जागा सोडली, मतदारांसमोर गेले. फरक आहे तो दिशेचा. आचार्य सत्तेतून बाहेर पडले आणि त्यांच्यापुढे काहीही वाढून ठेवलेलं नव्हतं, ना मंत्रिपद, ना सरकार, ना विजयाची शक्यता. सभागृह सोडताना ते कुठे पोहोचणार होते, हे कुणीही सांगू शकत होतं. म्हणून माझ्या कसोटीत आता दुसरा प्रश्न जोडला गेला आहे: पलीकडे वाट कोण पाहत होतं?

माझा भाचा 2024 च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा मतदानाला गेला. त्याला मी फैजाबादची ही हकिकत सांगितली तेव्हा त्याने सरळ विचारलं, ‘‘मावशी, पण मग लोकांनी त्यांना पाडलं कशाला?’’ या प्रश्नाने मी अडले. आपण सगळे म्हणतो की राजकारणात चांगली माणसं नाहीत. फैजाबादच्या मतदारांसमोर तेव्हाच्या देशातला एक अत्यंत निर्मळ माणूस उभा होता, आपली जागा स्वतःहून त्यांच्या हातात ठेवून, आणि त्यांनी ती दुसऱ्याला दिली. त्यांना फसवलं गेलं असं म्हणणं सोपं आहे. पण सत्ताधारी पक्षाच्या माणसाला निवडून दिलं तर कामं होतील, हा हिशेबही त्यात असणार, आणि तो हिशेब आपण ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत आजही करतो. तत्त्वासाठी बाहेर पडलेला माणूस निधी आणू शकत नाही, बदली करून देऊ शकत नाही, दाखल्यासाठी फोन फिरवू शकत नाही. त्याला मत द्यायचं तर पाच वर्षं या सोयींशिवाय काढायची तयारी मतदारालाही ठेवावी लागते.

हे मी भाच्याला सांगितलं. त्याचं म्हणणं पडलं की शहरात राहणाऱ्याला हे परवडतं. ज्याच्या वस्तीत पाण्याचा टँकर आमदाराच्या चिठ्ठीवर येतो त्याला कसं परवडेल? तो बरोबर बोलला. मतदाराने तत्त्वाला मत द्यावं असं वाटत असेल, तर आधी त्याचं पाणी, त्याचा दाखला, त्याच्या मुलाचा शाळाप्रवेश या गोष्टी आमदाराच्या मर्जीतून सुटल्या पाहिजेत. ते नगरपालिकेत, तहसील कार्यालयात, शिक्षण खात्यात बसून करायचं कंटाळवाणं काम आहे, आणि पक्षनिष्ठा की तत्त्वनिष्ठा या आपल्या वादात त्याचा उल्लेखही होत नाही. माझ्या वडिलांच्या आणि काकांच्या वादातही तो कधी झाला नव्हता.