मधलं चाक

गाणगापूरला आम्हा गोमंतकीयांचं जाणं-येणं जुनंच. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान, निर्गुण पादुकांचं दर्शन, दुपारची माधुकरी आणि परतीची गाडी. मी मात्र गेली काही वर्षं तिथून परतत नाही, पुढे जातो. माझी थोरली बहीण बिदर जिल्ह्यात भालकीला दिली आहे. पूर्वी कलबुर्गीहून बिदर गाठायचं म्हणजे बसमध्ये हाडं खिळखिळी व्हायची. २०१७ साली कलबुर्गी-बिदर रेल्वे सुरू झाली आणि जीव सुखावला. वाटेत हुमनाबाद लागतं. जवळच माणिकनगर, मराठी, कन्नड, हिंदी अशा अनेक भाषांत पदं रचणाऱ्या माणिकप्रभूंचं. तिथेही डोकं टेकवून मग ताईकडे.

यंदा माझ्या पिशवीत प्रसादाबरोबर पेचकस, शिलाई मशीनचं तेल आणि स्पिरिटची बाटली होती. त्याची ही हकिगत.

मला जुने रेकॉर्ड प्लेअर जमवायचा नाद आहे. (नाद हा शब्द दोन्ही अर्थांनी घ्यावा.) पगार कारकुनाचा, त्यामुळे परदेशी शौकीन ज्यांच्यामागे लागतात ती यंत्रं मी फक्त चित्रात पाहतो. पण मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार, कधी आपला म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, असं करत घरी सहा जमले. सातवा आला तर तुम्ही बाल्कांवात झोपायचं, असा सौभाग्यवतींचा हुकूम आहे.

सहाही एकाच जातीचे, आयडलर ड्राइव्हचे. म्हणजे काय, तर मोटरचा दांडा आणि तबकडीखालची जड थाळी यांच्यामध्ये रबरी कडेचं एक चाक असतं. एकीकडून ते दांड्याला टेकतं, दुसरीकडून थाळीच्या कडेला आतून. दांडा फिरला की चाक फिरतं, चाक फिरलं की थाळी. दांड्याला पायऱ्या असतात. जाड पायरीवर चाक चढवलं की थाळी ७८ फेऱ्यांच्या वेगानं फिरते, बारीक पायरीवर ४५, ३३ किंवा १६. त्या मधल्या चाकाला इंग्रजीत आयडलर म्हणतात, म्हणजे सरळ मराठीत रिकामटेकडा! का, तर वेग ठरवण्यात त्याचा काही हात नाही. चाक लहान असो की मोठं, थाळीचा वेग दांडा आणि थाळी यांच्या मापावर ठरतो. चाक फक्त इकडचं तिकडे पोचवतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचा आवक-जावक विभाग आठवला. साहेब आणि जनता यांच्यामध्ये दाबून बसवलेला कारकून, आणि वर नाव काय, तर रिकामटेकडा. असो.

या प्रकारातलं नावाजलेलं घराणं म्हणजे इंग्लंडमधल्या स्विंडनचं गॅरार्ड. मूळ गॅरार्ड म्हणजे इंग्लंडच्या राजघराण्याचे जवाहिरे. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, त्यांनी तोफखान्यासाठी अंतरमापक यंत्रं बनवायचा कारखाना काढला आणि युद्ध संपल्यावर तोच ग्रामोफोनच्या मोटारींकडे वळला. १९५४ चं त्यांचं ३०१ हे मॉडेल बीबीसीसुद्धा वापरत असे. पुढे पट्ट्यावर फिरणारे प्लेअर आले. १९७० च्या सुमारास जपान्यांनी थाळीच थेट मोटरवर बसवली आणि मधल्या चाकाची सद्दी संपली. चाक मोटरची थरथर थाळीपर्यंत नेतं, गाण्याखाली घरघर ऐकू येते, ही तक्रार खरीच होती. पण त्या चाकात एक रग आहे. सुई कितीही रुतली तरी थाळी दबकत नाही. तबल्याची थाप घट्ट येते. म्हणूनच पुढे जपानमधल्या शौकिनांनी हीच जुनी यंत्रं पुन्हा शोधून काढली आणि आज त्यांच्या किमती ऐकून माझ्यासारख्याला घाम फुटतो.

तर, ताईच्या सासरी असा एक आहे. चार वेगांचा गॅरार्ड, लाकडी पेटीत बसवलेला. ताईच्या सासऱ्यांनी, आप्पांनी, १९६८ साली हैदराबादहून आणलेला. आप्पा आता नव्वदीकडे झुकलेत. शिक्षक होते. निजामाच्या राज्यात पहिली अक्षरं उर्दूतून गिरवली, घरी मराठी, आणि नोकरीसाठी कन्नड शिकले. १ नोव्हेंबर १९५६ ला जुन्या बिदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद इकडे म्हैसूर राज्यात. आप्पांची सख्खी बहीण उदगीरला होती. १९६७ च्या आपल्या जनमत कौलाची गोष्ट मी एकदा त्यांना सांगितली, तर म्हणाले, "तुम्हाला इचारलं तरी, पाहुणं. आमच्याकडं रेघच मारली."

पहिल्यांदा ती पेटी पाहिली त्या दिवसापासून ती माझ्या डोक्यात बसली होती. दरवर्षी भालकीला जाण्यात बहिणीची माया किती आणि त्या पेटीचा लोभ किती, हे दत्तगुरूंनाच ठाऊक. या वर्षी ताईचा फोन आला. वाड्याची मागची बाजू पाडून बांधायची आहे, सामान काढतोय, आप्पा म्हणतात ती पेटी तुझ्या भावाला देऊन टाक. मी रजेचा अर्ज त्याच दिवशी टाकला.

पेटीचं झाकण उघडलं तर थाळीवर एक तबकडी तशीच होती. ४५ ची, छोटी. धूळ फुंकली. आपल्या मंगेशीच्या अभिषेकीबुवांची नाट्यगीतं! मी हरखून आप्पांकडे पाहिलं, पण त्यांचं लक्ष त्या तबकडीवर होतं.

"१९९४ चा उन्हाळा," ते म्हणाले. "आमची ही ऐकायली होती. मधीच लाइट गेली. तिनं भिंतीवरचं बटन बंद केलं, झाकण लावलं. दुसऱ्या महिन्यात तीच गेली. मग कुणी उघडलंच नाही."

माझी ताई या घरात १९९८ साली आली. सासूला तिनं फोटोतच पाहिलं. मी काही बोललो नाही. तबकडी काढून बाजूला ठेवली आणि थाळी उचलली.

आणि बिघाड दिसला. बटण भिंतीवरचं बंद झालं होतं, यंत्राचा स्वतःचा खटका चालूवरच राहिला होता. खटका बंद केला की चाक दांड्यापासून सुटून मोकळं होतं. चालूवर राहिला तर ते तसंच दाबून राहतं. तीस वर्षं ते रबर एकाच जागी दांड्याला टेकून होतं आणि तिथे खळगा पडला होता. फिरवलं असतं तर प्रत्येक फेरीला ठक्, ठक्. यंत्र कोणी आपटलं नव्हतं, पाणी लागलं नव्हतं, उंदरांनी कुरतडलं नव्हतं. जपून, झाकून ठेवलं होतं, एवढंच.

थेट वीज देऊन जुनी मोटर चालवायची नसते. तेलाचा डिंक झालेला असतो. दोन दिवस मी मोटर उघडून बेअरिंगं पुसली, नवं तेल घातलं, आतले दोन कपॅसिटर बदलले, सोबत नेलेली सुई बसवली. माझा भाचा शेजारी बसून स्क्रू वाटीत ठेवत होता. तो शिकला कन्नड आणि इंग्रजीत. मराठी बोलतो झकास, पण वाचताना अडखळतो. तबकडीवरचं नाव त्यानं बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत वाचलं.

चाकाचं काय करायचं? नवं रबर चढवून मिळतं, पण परदेशातून, महिना जातो. आप्पा म्हणाले, बाजारात मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, बोअरच्या मोटारी भरतो, त्याच्याकडे लेथ आहे. गेलो. चाचांनी चाक हातात फिरवून पाहिलं आणि दखनीत म्हणाले, घासून गोल करता येईल, पण चाक बारीक होईल, मग गाणं धावेल की रांगेल? मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! कागदावर चित्र काढून दाखवलं, की मधलं चाक कितीही झिजलं तरी वेग तोच राहतो. स्प्रिंग त्याला ओढून बरोबर टेकवते. चाचांनी क्षणभर विचार केला, "हौ" म्हणाले, आणि चाक लेथवर चढवून पॉलिश पेपर लावला. कागदाएवढा थर निघाला असेल. खळगा गेला. पैसे विचारले तर म्हणाले, "नक्को. पहले बजाके देखो."

आता वेग तपासायचा होता. त्यासाठी रेघारेघांची एक चकती असते. ५० सायकलच्या विजेवर दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, मिनिटाला सहा हजार वेळा. ३३ च्या वेगाला १८० रेघा, ४५ ला १३३. वेग बरोबर असला की फिरत्या चकतीवरच्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. पण घरभर एलईडी दिवे, ते तसे लुकलुकत नाहीत. शेवटी गोठ्यात चोकवाली एक जुनी ट्यूब सापडली. मग काय, गॅरार्डसाहेब गोठ्यात, दोन म्हशी साक्षीला. रेघा आधी पुढे सरकल्या, मग रेंगाळल्या, मग थांबल्या. भाचा ओरडला, "मामा, उभारल्या!"

तिथेच त्यानं विचारलं, की खटक्यावर १६ लिहिलंय ते कशासाठी? मी म्हटलं, त्या वेगाच्या तबकड्या आपल्या घरांत जवळजवळ आल्याच नाहीत. पण एक आहे. नासानं १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी पाठवली, ती १६⅔ च्या वेगाची. तिच्यात आमच्या फोंड्याजवळच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. सोबत सुई ठेवली आहे, फिरवायचं यंत्र मात्र नाही. ते ज्याला तबकडी सापडेल त्यानं करायचं. व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. २०१२ मध्ये ते यान सूर्याच्या वाऱ्याची हद्दही ओलांडून गेलं.

आप्पा दाराशी खुर्ची टाकून ऐकत होते. म्हणाले, "मग ती कुणी ऐकली का?"

"अजून नाही, आप्पा."

"मग आपली लावा."

मी अभिषेकीबुवांची तबकडी ठेवली. सुई मी जाणूनबुजून कडेलाच टेकवली, मध्यावर नाही. आप्पा म्हणाले, "तसं नको. तिथून लावा." कुठून ते त्यांना बरोबर माहीत होतं. मी सुई उचलून आत नेली. थोडी घरघर होती, म्हशीही रवंथ करत होत्या. पण सूर धरला तो पक्का. आप्पा शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. तबकडी संपल्यावर त्यांनी स्वतः उठून खटका फिरवला. बंद.

रात्री जेवताना म्हणाले, "पाहुणं, उद्या नेताव न्हवं? घेऊन जावा. इथं कोण ऐकतंय? पोरायला मोबाइल हाय."

वाचकहो, इथे मी उदारपणाचा आव आणणार नाही. पिशवीत बांधायला मी जुनी चादरसुद्धा काढून ठेवली होती. झोप लागेना. पणजीला नेऊन मी काय करणार होतो? फळीवर सातवा म्हणून मांडणार, वर कपडा टाकणार, आल्यागेल्याला दाखवणार. माझ्या सहांपैकी चार मी गेल्या पावसाळ्यापासून चालू केलेच नव्हते. ताईच्या सासूबाईंनी ज्याला झाकण लावलं त्यालाच मी कपडा घालणार होतो. फरक एवढाच, की त्यांना कारण होतं.

सकाळी पेटी माजघरात कोनाड्याखाली ठेवली. भाच्याला तीन गोष्टी शिकवल्या. आठवड्यातून एकदा तरी वाजवायचं. लाइट गेली तर आधी यंत्राचा खटका बंद, मग भिंतीवरचं बटण. आणि चाकाची कड महिन्याला स्पिरिटनं पुसायची. जाताना वाइंडिंगवाल्या चाचांना घरी बोलावून ऐकवलं. त्यांनी पैसे तेव्हाही घेतले नाहीत. वर चहा आमच्याकडेच प्यायले.

घरी आल्यावर माझे सहाही उघडले. दोघांच्या चाकांना खळगे. आता रोज कार्यालयातून आल्यावर पाळीपाळीनं एक लावतो. एक मात्र म्हापशाच्या मित्राला देऊन टाकला, त्याच्या घरी वडिलांच्या तबकड्या आहेत आणि यंत्र नाही.

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, चाक परत ठोकायलंय. आप्पा म्हणतात तुम्हालाच इचार."

"स्पिरिटनं पुसलंस का?"

जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "पुसतो. आप्पा इथंच बसलेत."