डावा कान

सदरच्या रस्त्यावर कुणी हाक मारली, की मी अजूनही भलत्याच दिशेला वळतो. बारा वर्षांपूर्वी डाव्या कानाच्या मज्जातंतूवरील गाठ काढली. ती कर्करोगाची नव्हती. अशा गाठी वर्षाला जेमतेम एक-दोन मिलिमीटर वाढतात. ज्या पेशींतून त्या उपजतात, त्यांना थिओडोर श्वान यांचे नाव आहे. (हे गृहस्थ १८३९ पासून लूव्हेनच्या कॅथलिक विद्यापीठात शिकवीत.) ऐकणे गेले. चेहऱ्याच्या तंतूला चिकटलेला एक तुकडा शल्यविशारदांनी मुद्दामच ठेवला. तो खरवडला असता तर चेहरा गमावण्याचे भय होते. तरीही पापणी पुरती मिटत नाही. वैशाखात डोळा कोरडा पडतो. तो तुकडा वाढला का, हे एम.आर.आय.त पाहावे लागते. मिस्साला पत्नी न चुकता माझ्या उजव्या हाताला बसते.