घास संपेपर्यंतची गोष्ट

आमच्या लहानपणी पुस्तकं कपाटात वरच्या फळीवर असत. दीड-दोन वर्षांच्या पोराच्या हाती ती गेली की फाटलीच! लहानांना चित्रं दिसायची ती अंकलिपीत, आणि तिथे विनोदाचा मागमूस नव्हता. अननसाखाली अ. आमच्या गावात खरा अननस कुणी पाहिला होता देव जाणे. ‘चांदोबा’ मोठ्यांच्या मांडीवर. आम्ही लांबून विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ बघायचा आणि घाबरायचं.

हसवायचं खातं आजीकडे. शेणाचं घर वाहून गेलेला कावळा दार ठोठावतोय आणि चिऊताईचं आपलं बाळाला न्हाऊ घालणं चाललंय. ठोठावणं म्हणजे ताटाच्या काठावर वाटीची टकटक. चित्र कुठेच नव्हतं, तरी चिंब कावळा दिसायचा. गोष्ट किती लांबणार, हे ताटातल्या भातावर ठरे. घास उरले असतील तर बाळाला काजळ, तीट, टोपडं. ताट रिकामं झालं की कावळा लगेच घरात.

आता नातीची पुस्तकं जाड पुठ्ठ्याची. कोपरे चावून झालेत, तरी पानं शाबूत. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ आहेच. त्यातल्या आजीवर बोट ठेवून ती माझ्याकडे संशयाने बघते. पण खरा जीव एरिक कार्लच्या खादाड सुरवंटावर. हे पुस्तक 1969चं, म्हणजे माझ्याही लहानपणी होतं. आमच्या गावापर्यंत पोचलं नव्हतं इतकंच. सुरवंट फळ खातो तिथे पानाला खरोखरच भोक. अशी भोकं पाडून छापणं अमेरिकेत परवडेना, म्हणून ते जपानमध्ये छापून घेतलं होतं. नातीला त्याचं काय! तिचं बोट सफरचंदातून आरपार. शनिवारी तो केक, आइस्क्रीम, सॉसेज, कलिंगड असं काय काय हाणतो. ते पान उलटायच्या आधीच ती खिदळायला लागते, कारण आता याचं पोट दुखणार हे तिला पाठ आहे. शिकवायचा आव नाही, हे मला या पुस्तकात सगळ्यात आवडतं. वार आणि आकडे येतात, पण खाण्याच्या ओघात.

आजीसारखी काटछाट मात्र इथे चालत नाही. मलाच झोप येत असते, म्हणून बुधवार गाळून थेट शनिवारवर उडी मारावी, तर ती पान मागे उलटते, तिन्ही भोकांत बोट घालून हिशेब पुरा करते आणि मगच मला पुढे जाऊ देते.