घडीच्या चाकूचं म्यान

घडीच्या चाकूला म्यान कशाला? पातं आपल्याच मुठीत दुमडून बसतं. बोट कापत नाही, खिसा फाटत नाही. पण हा प्रश्न रविवारी पहाटे मुलुंडला पाठीवर सॅक घेऊन कर्जत लोकलमध्ये चढणाऱ्याला विचारून बघा. त्याच्याकडे चाकू असतो, फक्त सापडत नाही. राजमाचीच्या वाटेवर काकडी हातात धरून बसलेला हा गडी सॅकमधून आधी किल्ल्या काढतो, मग बॅटरी, मग कालचा रुमाल. म्यान लागतं ते पात्यासाठी नव्हे, शोधणाऱ्या हातासाठी.

कोकणात हे कुणाला शिकवावं लागलं नाही. कमरेच्या दोरीला मागे आकडी, आकडीत कोयती, माडावर चढताना दोन्ही हात मोकळे. पान खाणाऱ्या आजोबांचा अडकित्ताही चंचीत ठरल्या जागी. सगळं एकाच खिशात कोंबायची सवय आपली, अलीकडची.

माझा चाकू ओपिनेल. फ्रान्समधल्या सॅव्हॉयच्या डोंगराळ मुलखात १८९० पासून हे चाकू बनतात. लाकडी मूठ, साधं कार्बन स्टीलचं पातं, शेतकऱ्याच्या खिशातली वस्तू. त्याला शोभेल असं कातडं धारावीत मिळालं. वांद्र्याचा जुना कत्तलखाना जवळ होता म्हणून चामड्याचा धंदा धारावीत रुजला. १९७१ मध्ये कत्तलखाना देवनारला गेला, पुढे कातडी कमावण्याचे कारखानेही धारावीतून उठले. पण शिवणारे हात राहिले. सायन-वांद्रे लिंक रोडवर आजही बॅगा-पट्ट्यांची दुकानं ओळीनं आहेत. २०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हापासून जाड कातडं मागितलं की म्हशीचंच पुढे येतं. मला तेच हवं होतं, पण क्रोममध्ये कमावलेलं नको. ते मऊ असतं, पर्सला छान. म्यान मात्र त्याचं ढिलं पडतं. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं कातडं, कोल्हापुरी पायताणाचं असतं तसं, ताठ राहतं आणि दिलेला आकार धरून ठेवतं.

मुंबईत हल्ली सुट्टीच्या दिवशी लेदरक्राफ्टचे वर्ग भरतात. एसी खोली, विलायती हत्यारं, मध्ये कॉफी. त्यात वाईट काही नाही. पण जवळजवळ प्रत्येक स्टेशनच्या जिन्याखाली तोच वर्ग वर्षभर, बिनफीचा भरलेला असतो आणि आपण टाच उचकटल्याशिवाय तिथं थांबत नाही.

आमच्या स्टेशनाबाहेरच्या गटई स्टॉलवरच्या मामांनी चाकू उलटसुलट करून पाहिला.
"अडकित्त्याला करायचे तसलं पाकीट ना? आमच्या वडिलांनी लय केली."
"तसंच, मामा. फक्त पट्ट्यात ओवता आलं पाहिजे."
"मग मागची पट्टी आधी. कडा शिवल्यावर आत हात जातोय व्हय?"

सगळी युक्ती त्या एका वाक्यात आहे. कातड्याची एकच लांब पट्टी घ्यायची; चाकू मध्ये ठेवून दुमडायची, वर झाकणापुरती जास्त सोडायची. पट्ट्यात ओवायची पट्टी कातडं सपाट असतानाच शिवून टाकायची, कडा शेवटी. मामांनी वर्तमानपत्राचा कागद चाकूभोवती गुंडाळून माप घेतलं, दोन्ही बाजूंना शिवणीपुरती बोटभर जागा ठेवली आणि रापी एकदाच फिरवली. रेघ आखलीच नाही.

मग आरी. तिच्या टोकाशी बारीक खाच असते. आरी वरून खुपसायची, खालच्या हातातला मेण लावलेला दोरा खाचेत अडकवायचा, आरी ओढली की दोऱ्याचा फास वर येतो. त्या फासातून दुसरं टोक ओवायचं आणि दोन्ही हातांनी ताणायचं. टाका कातड्यात रुततो. मध्येच कुणी सँडल पुढे केलं, तर मामा दोरा दातात धरून तेही काम उरकत होते. शेवटी झाकणाला टिचबटण ठोकलं.

घरी येऊन म्यान कोमट पाण्यात भिजवलं, चाकू प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत घातला आणि अंगठ्यानं मुठीच्या कडेकडेनं दाबत गेलो. सावलीत वाळलं तेव्हा कातड्यावर मुठीची गोलाई उमटली होती. उन्हात वाळवू नये, तडकतं.

कमरेला चाकू लावून गर्दीत हिंडायचं हे शहर नव्हे. मेट्रोत बॅग यंत्रातून जाते, आणि लोकलमध्ये शेजाऱ्याला उगाच धास्ती कशाला? म्यान सॅकमध्ये असतं. पट्ट्यात ओवतो ते गाव मागे पडल्यावर.

पैसे विचारले तर मामा म्हणाले, "द्या काय द्यायचं ते." हे ऐकून वीस-तीस रुपये टेकवून निघू नये. लेदरक्राफ्टच्या वर्गाची फी आठवावी आणि मग पाकिटात हात घालावा.

आणि एक. पावसाळ्यात चाकू म्यानात ठेवू नका. कातडं ओल धरतं, पात्याला गंज चढतो, म्यानाला बुरशी. पातं पुसून, तेलाचं बोट फिरवून वेगळं ठेवा. म्यान हवेशीर जागी टांगा.